बडोदें संस्थानांतील ग्रंथालयें आणि त्यांचा पैसा

ग्रंथालयांचे इतिहास आपल्याकडे बहुधा एकाच साच्याचे असतात. संस्थापकांचीं नांवें, पहिल्या सभेची तारीख, कोणा थोर गृहस्थाच्या हस्तें झालेला उद्घाटनसमारंभ, इमारतीचें छायाचित्र आणि शेवटीं ग्रंथसंख्या. पैसा कोठून आला हें त्यांत एखाद्या ओळींत उरकलेलें असतें. आणि तो पांचव्या किंवा विसाव्या वर्षीं कोठून येत राहिला याविषयीं तर बहुधा एक अक्षरही नसतें. हिशेबाची वही वाङ्मयाच्या उपासकांस रुक्ष वाटते हें खरें. परंतु ग्रंथालय उघडणें निराळें आणि तें चालत ठेवणें निराळें. वस्ती वाढूं लागली, वाचणारांची संख्या दुप्पट-तिप्पट झाली, म्हणजे या दोहोंमधील अंतर उघडें पडतें. प्रस्तुत लेखांत हा प्रश्न बडोदें संस्थानाच्या उदाहरणानें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. साऱ्या राज्यांतील गांवोगांव ग्रंथालयें पसरावयाचीं तर पैशाची वांटणी कशी करावी, याचा नियमबद्ध विचार हिंदुस्थानांत फार लवकर जर कोठें झाला असेल तर तो तेथें होय.

बडोद्यापूर्वीं आपल्याकडे ग्रंथालयें नव्हतीं असें नाहीं. रत्नागिरीस १८२८ सालीं, पुण्यास १८४८ सालीं तीं निघालीं; पुण्याच्या त्या ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’चेंच आज नगर वाचन मंदिर झालें आहे. पुढें मराठी ग्रंथांचा संग्रह करावा हाच हेतु मनांत धरून ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं व मुंबईचें १८९८ सालीं उभें राहिलें. या संस्थांनीं मराठी वाचकावर जे उपकार केले आहेत ते मोजतां येणार नाहींत. तथापि त्या सर्वांचा पाया एकच होता: सभासदांची वर्गणी आणि श्रीमंतांची देणगी. वर्गणी देईल त्यानें पुस्तक घरीं न्यावें, इतरांनीं फार तर वर्तमानपत्र चाळावें. कारकून, वकील, शिक्षक आणि पेन्शनर यांच्या समाजास ही व्यवस्था पुरेशी होती. ज्याच्या घरांत अक्षर पहिल्यांदाच शिरलें आहे अशा कुणब्याच्या किंवा विणकऱ्याच्या मुलास मात्र तिचा दरवाजा, कोणी लावून न घेतांही, बंदच होता.

वर्गणीच्या जागीं कर आणावा ही कल्पना इंग्लंडांत १८५० च्या कायद्यानें आली. विल्यम यूअर्ट यांच्या खटपटीनें झालेल्या या कायद्याअन्वयें दहा हजारांवर वस्ती असलेल्या नगरास, करदात्यांपैकीं दोनतृतीयांशांची संमति मिळाल्यास, स्थावराच्या आकारणीवर दर पौंडामागें अर्धा पेनी ग्रंथालयासाठीं बसवितां येई. आणि गंमत अशी कीं या पैशांतून इमारत बांधतां येई, नोकर ठेवतां येत, दिवाबत्ती करतां येई. पुस्तकें मात्र विकत घेतां येत नसत! पुस्तकें लोक देणगीदाखल देतील असें पार्लमेंटानें गृहीत धरलें होतें. घर बांधून चूल मांडावी आणि धान्य शेजारी आणून देईल म्हणून वाट पाहावी, तसा हा प्रकार. पांच वर्षांनीं, १८५५ सालीं, कराची मर्यादा एक पेनी झाली व पुस्तकांवरील बंदी उठली. परंतु तो एक पेनी पुढें १९१९ पर्यंत बहुतेक गांवांच्या मानेवर बसून राहिला. नगरें फुगलीं, वाचक वाढले, पुस्तकांच्या व कागदाच्या किंमती बदलल्या. मर्यादा जागची हलली नाहीं. कायद्यांत आंकडा कोरून ठेवणें किती घातक असतें याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं, आणि पुढें महाराष्ट्राच्या कायद्याकडे वळतांना वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

अमेरिकेंत कार्नेगीनें निराळी वाट काढली. इमारतीचा पैसा आपण द्यावयाचा. मात्र जागा गांवानें द्यावी आणि देणगीच्या एकदशांश इतकी रक्कम दर सालीं गांवानें करांतून खर्च करण्याचें वचन द्यावें. अशा रीतीनें जगांत २५०९ ग्रंथालयें उभीं राहिलीं. कार्नेगीच्या दातृत्वावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस त्याचें खरें चातुर्य त्या एकदशांशांत दिसतें. सनदशीर वचन घेतल्यावांचून त्यानें वीटही दिली नाहीं. असें असूनही १९१५-१६ च्या सुमारास अॅल्विन जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञाकडून जेव्हां त्या ग्रंथालयांची पाहणी झाली, तेव्हां उणीव इमारतींची नसून शिकलेल्या ग्रंथपालांची आहे असें दिसून आलें. त्यानंतर नव्या इमारतींस पैसा देणें लवकरच थांबलें.

इंग्लंड-अमेरिकेचा हा पाल्हाळ अशासाठीं कीं बडोद्याची योजना त्याच वाऱ्यांत वाढली, परंतु तिनें त्यांतलें कांहींही जसेंच्या तसें उचललें नाहीं.

सयाजीराव महाराज गादीवर आले १८७५ सालीं. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनीं १८९३ मध्यें अमरेली तालुक्यांत केला आणि १९०६ पासून तो साऱ्या राज्यास लागू केला. ग्रंथालयांचें मूळ येथें आहे, महाराजांच्या ग्रंथप्रेमांत नव्हे. ग्रंथप्रेमी संस्थानिक आपल्याकडे आणखीही होऊन गेले, आणि त्यांचीं पुस्तकें वाड्यांतल्या कपाटांतच राहिलीं. सक्तीनें शाळेंत घातलेलें मूल चार-पांच यत्ता शिकून नांगरामागें जातें, आणि वाचावयास कांहीं न मिळाल्यामुळें थोड्याच वर्षांत पाटीवरच्या अक्षरांसारखें सारें पुसून जातें. मग शाळेवर खर्चलेला पैसा गेला कोठें? हा व्यवहारी मनुष्याचा प्रश्न होता आणि महाराज मोठे व्यवहारी होते. शाळांमुळें दरसाल वाचकांचें नवें पीक येणार हें ठरलेलें; तें सांठविण्यास कणगी नव्हती.

दरबाराच्या हालचालीपूर्वींच चरोतरांत एका शिक्षकानें हें काम हातीं घेतलें होतें. मोतीभाई अमीन यांचें नांव गुजरातेंत आदरानें घेतलें जातें. मराठी वाचकांस तें फारसें परिचित नाहीं, ही खेदाची गोष्ट होय. त्यांनीं १९०६ च्या सुमारास मित्रमंडळांच्या द्वारें खेड्यांतून लहान लहान वाचनालयें काढण्याचा सपाटा चालविला. शाळेची एक खोली, चार वर्तमानपत्रें, एक कपाट आणि किल्ली सांभाळणारा मास्तर, एवढाच सरंजाम. पुढें राज्याचें ग्रंथालय खातें निघाल्यावर मोतीभाई त्यांत आले आणि खेड्यांची बाजू त्यांनींच सांभाळली. ग्रंथालयांस पुस्तकें व सामान स्वस्तांत मिळावें म्हणून त्यांनीं सहकारी मंडळही काढलें. शंभर वाचनालयें शंभर दुकानांतून एकेक पुस्तक घेतात तेव्हां मधला नफा कोणाच्या खिशांत जातो, हें या शिक्षकास चांगलें कळलें होतें.

१९१० सालीं महाराजांनीं कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवन येथून विल्यम अॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून आणलें. बॉर्डन बडोद्यास अवघीं तीन वर्षें होते. तेवढ्यांत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली. महाराजांच्या खासगी संग्रहांतील सुमारें वीस हजार ग्रंथांची त्यास जोड मिळाली. वर्गीकरणाची एक स्वतंत्र पद्धति तयार झाली. आणि १९११ मध्यें ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग निघाला. जॉन्सनच्या पाहणीनें अमेरिकेस जें शहाणपण १९१६ मध्यें सांगितलें, त्यावर बडोद्यांत पांच वर्षें आधींच अंमल सुरू झाला होता असें म्हणावयास हरकत नाहीं. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हें नियतकालिक निघूं लागलें, आणि त्यांत इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही असे. बॉर्डन परत गेल्यावर हें खातें जनार्दन सखाराम कुडाळकर आणि पुढें न्यूटन मोहन दत्त यांनीं चालविलें. कुडाळकरांनीं १९१९ सालीं या चळवळीची हकीकत इंग्रजींत ग्रंथरूपानें लिहून ठेविली आहे. मराठी मनुष्यानें या विषयावर एवढ्या तपशिलानें लिहावें आणि मराठींत त्याची फारशी वाच्यता नसावी, हें आमच्या उदासीनतेस साजेसेंच आहे.

आतां पैशाकडे वळूं. बडोद्याच्या योजनेचा कणा म्हणजे तीन हिश्श्यांचा नियम. गांवानें वर्गणी जमवावी; जेवढी रक्कम गांव जमवील तेवढीच प्रांत-पंचायतीनें, म्हणजे आपल्याकडील जिल्हा लोकल बोर्डासारख्या संस्थेनें, द्यावी; आणि तेवढीच सरकारनें द्यावी. गांवानें साठ रुपये गोळा केले कीं ग्रंथालयाच्या पेटींत एकशें ऐंशी पडत. या अनुदानास वरची मर्यादा होती: खेड्यास वार्षिक शंभर रुपये, कसब्यास तीनशें, प्रांताच्या मुख्य ठिकाणास सातशें. इमारतीसाठींही तोच न्याय: एकतृतीयांश गांवाचा, उरलेले दोन हिस्से पंचायतीचे व सरकारचे.

या नियमाची खुबी अशी कीं तो एकदां देऊन मोकळा होत नसे. गांवानें दरसाल वर्गणी जमवावयाची आणि दरसालच दोन हिस्से पदरांत पाडून घ्यावयाचे. ज्या वर्षीं गांवचा उत्साह आटला त्या वर्षीं सरकारचा हातही आंखडे. देणगीदाराच्या उदारपणाचा भर पहिल्या दिवशीं असतो, तेव्हां हार-तुरे असतात. चौथ्या वर्षीं पुस्तकांची बांधणी उसवते तेव्हां तो कोठें असतो? बडोद्याच्या नियमानें तें चौथें वर्षही हिशेबांत धरलें होतें. शिवाय ज्याचा रुपया लागला आहे तो मनुष्य वर्षाखेरीस विचारतो कीं माझ्या रुपयाचें काय झालें. सरकारी तपासनीसापेक्षां असा वर्गणीदार अधिक खडूस असतो, हा आमचा ग्रंथालयांच्या वार्षिक सभांतील अनुभव आहे.

दुसरी गोष्ट मधल्या हिश्श्याची. सरकार आणि गांव यांमध्यें प्रांत-पंचायत घातली गेल्यामुळें ग्रंथालयाचा खर्च स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकांत येऊन बसला. रस्ता, विहीर, धर्मशाळा यांच्याच पंक्तीस वाचनालयाचें पान मांडलें गेलें. यांतील महत्त्व वरवर पाहतां ध्यानांत येत नाहीं. ज्या बाबीस अंदाजपत्रकांत स्वतंत्र ओळ नाहीं ती बाब दुष्काळाच्या सालीं प्रथम कापली जाते. ओळ असली म्हणजे ती कापण्यासाठीं निदान कोणास तरी उठून बोलावें लागतें.

असें असलें तरी या योजनेचें नुसतें स्तोत्र गाणें आमच्या मनास पटत नाहीं. जो देतो त्यास मिळतें, हा नियम ऐकावयास न्यायाचा वाटतो. पण ज्याच्यापाशीं देण्यासारखें कांहीं नाहीं त्याचें काय? सुपीक चरोतरांतील तंबाखूच्या गांवास शंभर रुपये जमविणें कठीण नव्हतें. रानीपरज वस्तीच्या गांवास पंचवीसही डोंगराएवढे. म्हणजे सरकारचा पैसा नेमका तेथें अधिक जाणार जेथें तो आधींच आहे. शिवाय गांवची वर्गणी म्हटली कीं गांवची उतरंडही तिच्यामागून आलीच. वर्गणीचा मोठा आंकडा ज्याच्या नांवें, त्याच्या ओसरीवर कपाट. मग त्या ओसरीवर अंत्यजाच्या मुलानें चढावें कीं नाहीं हें कोण ठरविणार? महाराजांनीं अंत्यजांसाठीं शाळा काढल्या होत्या आणि त्यांचें मन या बाबतींत स्वच्छ होतें. परंतु राजाचें मन आणि गांवची ओसरी यांमध्यें पुष्कळ अंतर असतें.

या दोषावर बडोद्याच्या खात्याजवळ एक उतारा होता, आणि तो आम्हांस तीन हिश्श्यांच्या नियमाहूनही अधिक मोलाचा वाटतो. तो म्हणजे फिरतीं ग्रंथालयें. निवडक पुस्तकांची पेटी बडोद्याहून निघे, गांवीं कांहीं काळ राही आणि परत येऊन दुसरीकडे जाई. तिची जाण्यायेण्याची हशील खातें भरी. गांवाकडून वर्गणीची अट नसे. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं मॅजिक लँटर्न व पुढें चलच्चित्रेंही पाठविलीं जात. या दोन व्यवस्था एकत्र पाहिल्या म्हणजे योजकांचें मन कळतें. एक गांवाच्या ऐपतीवर आणि दुसरी गांवाच्या गरजेवर उभी होती. पहिलीनें दुसरीची जागा घ्यावी असें त्यांनीं कधीं मानलें नाहीं. मध्यवर्ती ग्रंथालयांत स्त्रियांचा व मुलांचा स्वतंत्र विभाग होता, त्यासही हेंच म्हणतां येईल. बायकांकडून व पोरांकडून वर्गणीची वाट पाहिली असती तर ते विभाग अद्यापि उघडावयाचे राहिले असते.

दुसरा दोष अधिक खोल होता. अनुदानाची मर्यादा गांवाच्या प्रकारावर बांधली होती, लोकसंख्येच्या डोईमागें नव्हे. हजार वस्तीच्या खेड्यास जास्तींत जास्त शंभर आणि तेंच खेडें तीन हजारांचें झालें तरीही, जोंवर तें खेडेंच म्हणवून घेतें तोंवर, शंभर. इंग्लंडच्या एका पेनीचीच ही बहीण. आणि हें सर्व चाललें होतें तें दरबारच्या नियमांवर, ग्रंथालयांच्या कायद्यावर नव्हे. महाराजांची मर्जी हीच तारण. सयाजीराव १९३९ मध्यें वारले, आणि १९४९ सालीं संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें. मध्यवर्ती ग्रंथालय आजही आपल्या पोलादी कपाटांसह व कांचेच्या तक्तपोशीसह उभें आहे. परंतु गुजरात राज्यास ग्रंथालयांचा कायदा करण्यास २००१ साल उजाडलें, आणि त्यांतही ग्रंथालयासाठीं कर नाहीं.

कराची वाट हिंदुस्थानांत धरली ती मद्रासनें. कायद्याचा पहिला मान मराठी मुलखाकडे, कोल्हापूर संस्थानाकडे, जातो. तेथील कायदा १९४५ चा. पण पैशाची कायम तजवीज रंगनाथन यांच्या प्रयत्नांनीं झालेल्या मद्रासच्या १९४८ च्या कायद्यानें केली. घरपट्टीच्या दर रुपयामागें सहा पै ग्रंथालयाचे. आंकडा लहान, परंतु त्यांतील युक्ति पाहण्यासारखी आहे: नगर वाढलें, घरें वाढलीं, घरपट्टी वाढली, कीं ग्रंथालयाचा वांटा कोणाच्या दारीं न जातां आपोआप वाढतो. बडोद्याच्या शंभर रुपयांत आणि इंग्लंडच्या पेनीस घातलेल्या कुलुपांत जी उणीव होती ती येथें भरून निघाली. हा उपाय रामबाण आहे असें मात्र कोणी समजूं नये. कर्नाटकानेंही १९६५ च्या कायद्यानें असाच उपकर बसविला. आणि बंगळूरच्या नगरसंस्थेनें वसूल केलेला हा पैसा ग्रंथालय खात्याच्या हातीं पूर्ण पडत नाहीं ही ओरड तेथील वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षें होत आली आहे. कर बसविणें एक, तो पोंचता करणें दुसरें.

महाराष्ट्रानें काय केलें? मुंबई सरकारनें १९३९ सालीं आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिनें इलाख्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत पायरीपायरीनें उतरणारी योजना आंखून दिली. तींतून कांहीं जिल्हा ग्रंथालयें उभीं राहिलीं. पुढें १९६७ सालीं महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यांत ग्रंथालय-निधि आहे, आणि त्यांत सरकारनें दरसाल निदान पंचवीस लाख रुपये घालावे असें कलम आहे. उपकर मात्र नाहीं. म्हणजे आंकडा पुनः कायद्यांत कोरला गेला. सरकारनें प्रत्यक्षांत याहून कितीतरी अधिक खर्च केला, हें न्यायानें सांगितलेंच पाहिजे. अ, ब, क, ड वर्गांच्या सुमारें बारा हजार ग्रंथालयांचें जाळें ज्या राज्यांत आहे त्यास कृपण म्हणतां येणार नाहीं. परंतु किमान हक्काचे तेवढे पंचवीस लाख, आणि त्यावरचें सर्व त्या त्या वर्षींच्या मर्जीचें. बडोद्यांत मर्जी एका राजाची होती, येथें ती अर्थखात्याची आहे. आणि राजास निदान पुस्तकें आवडत होतीं.

मर्जीचा परिणाम वाढत्या वस्तींत दिसून येतो. २०१२ सालीं सरकारनें सर्व ग्रंथालयांची पडताळणी केली. कांहीं ग्रंथालयें कागदावरच असल्याचें तींत आढळलें, आणि असा झाडा घेणें योग्यच होतें. पण त्यानंतर नव्या ग्रंथालयांस मान्यता देणें व जुन्यांचा वर्ग वाढविणें थांबलें, तें दहा वर्षांहून अधिक काळ. याच काळांत मुंबईभोंवतालचीं व पुण्याभोंवतालचीं उपनगरें वाढत गेलीं. वसई-विरारची महानगरपालिका २००९ ची, पिंपरी-चिंचवडची १९८२ ची. जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें किंवा ज्वारीचे पट्टे होते तेथें आज मजल्यावर मजले चढले आहेत, आणि प्रत्येक मजल्यावर शाळेंत जाणारीं मुलें आहेत. सयाजीरावांपुढें १९०६ मध्यें जें वाचकांचें नवें पीक होतें तेंच हें. पीक उभें राहिलें, आणि कणगीचा परवाना बंद. कल्पक गृहस्थ एकत्र येऊन इमारतीच्या तळमजल्यावर वाचनालय काढतात, दोन-तीन वर्षें वर्गणी जमते. मग सेवकाचा पगार कोणीं द्यावा या प्रश्नापाशीं सारें अडतें. ज्या जुन्या संस्थांस अनुदान आहे त्यांतील ग्रंथपालांचेंही मानधन असें कीं तेवढ्यावर घर चालवून दाखवावें असें आव्हान कोणा अर्थसचिवासही देण्यास आम्ही धजणार नाहीं.

बडोद्याचे तीन हिस्से येथें लावून पाहावे असा मोह आम्हांस होतो. उपनगरांतील रहिवाशांचा हिस्सा आजही निघेल. वर्गणीच्या बाबतींत मराठी मध्यमवर्ग मागें राहिलेला नाहीं. सरकारचा हिस्सा, मान्यतेचा दरवाजा नीट उघडला तर, निघेल. अडचण आहे ती मधल्या हिश्श्याची. प्रांत-पंचायतीच्या जागीं आतां महानगरपालिका आहे, आणि वाढणाऱ्या वस्तीची घरपट्टी तिच्याच तिजोरींत जमा होते. तिच्या कायद्यांत, जो मूळ १९४९ चा, म्हणजे ज्या वर्षीं बडोदें विलीन झालें त्याच वर्षींचा आहे, कर्तव्यांचे दोन वर्ग केले आहेत. रस्ते, दिवे, पाणी, गटारें हीं अनिवार्य. सार्वजनिक ग्रंथालय दुसऱ्या यादींत येतें; तिचें नांव ‘ऐच्छिक’.